पाणी सांडलं नव्हतं

डिंडोली, सुरत
मंगळवार

प्रिय शीतल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बाजूला ठेवशील, असं मला वाटतं. ठेवलंस तरी फाडू नकोस. रविवारच्या आत एकदा वाच. सहा वर्षांत मी तुला साधा फोन केला नाही आणि आज एकदम पत्र! फोन करता आला असता. तुझा चुलतभाऊ लक्ष्मण आमच्याच चौकात लारीवर भाजी विकतो, त्याच्याकडे तुझा नंबर आहे. पण फोनवर समोरच्याचा आवाज आला की मी लगेच सावरून घेते, सांगायचं एक आणि सांगते भलतंच. कागदावर तसं होत नाही. लक्ष्मण इच्छापोरला तुझ्याकडे येणार आहे, त्याच्याच हाती हे देते.

घरचं सगळं आहे तसंच आहे. यांचे कान आता पूर्ण गेले. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? तू यांच्यासाठी बाजारातून पाटी आणली होतीस, आठवतं? भाजी काय करू, औषध घेतलं का, सगळं पाटीवर लिहून विचारायचीस. तू गेल्यावर तेवढा धीर कोणाला राहिला नाही. आम्ही नुसते ओरडतो आणि हे कळल्यासारखं हसतात. यंदा कानबाईच्या सणाला रोट झाले तेव्हा आमचं सगळं कुळ जमलं होतं. यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मला मोठ्यानं विचारलं, “शीतल नाही आली?” तुझी फारकत झाल्याचं यांना ठाऊक आहे. तरी विचारलं.

त्याच आठवड्यात शेजारची मंदाबेन मला मंदिरात कीर्तनाला घेऊन गेली. बुवांनी बायकांना विचारलं, “सांगा बरं माउल्यांनो, माणसाच्या स्वभावातला सगळ्यात मोठा दोष कोणता?” कोणी राग म्हणालं, कोणी लोभ, कोणी मत्सर. मंदाबेन माझ्या कानात म्हणाली, “आळस गं, आळस. माझ्या सुनेला बघ.” सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मला माझाच दोष आठवला आणि त्याला काय नाव द्यायचं ते कळेना. बुवा पुढं काय बोलले ते मी ऐकलंच नाही.

शीतल, त्या दिवशी ओट्याजवळ पाणी सांडलं नव्हतं.

हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. माझा धर्मेंद्र मिलमधून तणतणत आला होता, तू डबा उशिरा दिल्यावरून बोलणं वाढलं आणि त्यानं तुला ढकललं. तुझा हात ओट्याच्या कडेवर आपटला. मी दारातच उभी होते, हातात धुतलेले तांदूळ होते. तुझ्या हाडाचा आवाज मी ऐकला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि “पडले” म्हणालीस. माझ्यासाठीच म्हणालीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. तुला वाटलं असणार, बाहेरच्यांपुढं झाकू, पण घरच्या बैठकीत आई खरं बोलतील.

मग बैठक बसली. तुझे मामा हात जोडून म्हणाले, “ताई, तुम्ही घरात होत्या. तुम्ही सांगाल ते आम्ही मानू.” सगळे माझ्याकडे बघत होते. धर्मेंद्र खाली मान घालून बसला होता आणि मला तो शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसला. मी म्हणाले, “पाणी सांडलं होतं. पाय घसरून पडली.” तू रडली नाहीस, ओरडली नाहीस. एवढंच विचारलंस, “आई, पाणी कुठं होतं?” चार दिवसांनी तू प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून माहेरी गेलीस.

इथवर तुला सगळं माहीत आहे. आता जे सांगते ते माहीत नाही.

भीतीपोटी, पोरापायी माणूस एकदा खोटं बोलतो. ते पाप असेल, पण कळण्यासारखं आहे. पुढं मी जे केलं ते त्याहून वाईट होतं. तू गेल्यावर मला झोप लागेना, जेवण जाईना. मग मी तुझ्यात खोट शोधायला लागले. तू भाजीत मीठ जास्त टाकायचीस. तू तुझ्या आईशी फोनवर फार बोलायचीस. फॉल-बीडिंगच्या साड्या घेऊन बसलीस की घराकडे लक्ष द्यायची नाहीस. एकेक आठवण उकरून काढायची आणि तिला काळं फासायचं. मंदाबेनला सांगितलं, शोभाबाईला सांगितलं, गावाकडच्या लग्नांत भेटेल त्या बाईला सांगितलं. जितक्यांना सांगितलं तितकं मला बरं वाटत गेलं, जेवण गोड लागायला लागलं. पुढं पुढं तर ओट्याजवळचं पाणी मला खरंच दिसायला लागलं. कुठून वाहिलं, किती पसरलं, तेसुद्धा मी सांगू शकले असते.

आपण ज्याचं वाईट केलं तोच माणूस आपल्याला वाईट दिसायला लागतो. राग निवतो, लोभाचं पोटही कधीतरी भरतं. हे मात्र वाढतच जातं आणि करणाऱ्याला कळतही नाही, कारण त्याला वाटतं मी खरं तेच बोलतोय. बुवांच्या प्रश्नाला माझ्याकडे हेच उत्तर होतं. एवढ्या बायकांत ते बोलायची माझी छाती झाली नाही.

कीर्तनानंतर पंधरा दिवसांनी आम्ही कामरेजला धर्मेंद्रसाठी मुलगी बघायला गेलो. हर्षदा तिचं नाव. शांत आहे, अंगणवाडीत काम करते. वडील नाहीत. तिची आई सरलाबाई मला चहाच्या निमित्तानं आत घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, “ताई, राग मानू नका. पहिली सून का गेली?” माझी यादी तयारच होती. मीठ, फोन, साड्या, सगळं न अडखळता सांगितलं. तिनं चहात दूध ओतलं आणि विचारलं, “तिच्यात चांगलं काहीच नव्हतं का?”

बाहेरच्या खोलीतून धर्मेंद्रचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हणाले, “होतं.” तेवढंच. चहा उतू गेला, दोघींचंही लक्ष नव्हतं.

तीन दिवसांनी मी सरलाबाईला फोन केला आणि झालं ते सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, तुम्ही आई आहात. उद्या पुन्हा फिराल. मला तिच्याच तोंडून ऐकायचंय.” मला राग आला नाही. खरंच बोलली ती.

त्याच संध्याकाळी कपाटावरून तुझी पाटी काढून पुसली आणि यांच्यासाठी लिहिलं, शीतल पडली नव्हती, धर्मेंद्रनं ढकललं होतं, मी खोटं बोलले. यांनी ते दोनदा वाचलं. पाटी माझ्या हातात परत दिली आणि उठून गॅलरीत जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. धर्मेंद्रलाही सांगितलं. तो ताट सरकवून उठला. “तू माझी आई आहेस का कोण?” म्हणाला. मी म्हणाले, “आहे, म्हणूनच.” तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याचं घर वसावं असं मला आजही वाटतं, शीतल, खोटं कशाला सांगू? पण तो बदललाय की नाही हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी परत कोणाला सांगणार नाही.

तुझ्याकडे क्षमा मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. ती तू दिलीस तर मला पुन्हा बरं वाटेल आणि सहा वर्षं मी स्वतःला बरं वाटावं म्हणूनच सगळं करत आले. लिहिलं ते एवढ्यासाठी की येत्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सरलाबाई तुझ्या दारात येईल. सोबत हर्षदाही असेल. लक्ष्मणकडून तुझा पत्ता घेऊन, तुला न विचारता, मी तो त्यांना दिला. तुला त्या दिवसांबद्दल पुन्हा बोलायचं नसेल तर लक्ष्मणला तसं सांग, मी त्यांना थांबवेन. पण दार उघडलंस तर त्या मुलीला समोर बसव आणि तुझा हात कसा मोडला ते सांग. बैठकीत काय झालं तेही सांग. माझं नाव येईल तिथं ते गाळू नकोस.

आता कुठल्या नात्यानं ते लिहिता येत नाही,
अशी तुझीच,
अनुसया