मैदानाकडे पाठ

१५ फेब्रुवारी, शनिवार
उद्या सीझन सुरू. यंदाचा संकल्प: आमच्या मिनाशिरो कामोमे या फुटबॉल संघाची प्रत्येक मॅच पूर्ण बघायची. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, उघड्या डोळ्यांनी. गेल्या वर्षी काही ना काही कारणाने थोडं थोडं राहून गेलं.
तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांच्या शेजारी बसून सांगतोय, घाबरू नका, समोर बघा. माणसाने कधीतरी स्वतःचंही ऐकावं.
सातोएला संकल्प सांगितला. ती म्हणाली, पोटाच्या गोळ्या जॅकेटच्या डाव्या खिशात ठेवल्यात. गोळ्या लागणार नाहीत असं तिला ठणकावलं. तीस वर्षांच्या संसारानंतरही बायको नवऱ्याला ओळखत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
हरलो. ०-१. गोल पडला तेव्हा मी तळलेल्या चिकनच्या रांगेत होतो. समोरच्यांना कॉर्नर मिळाला आणि नेमकी त्याच वेळी भूक लागली. रांग फार मोठी नव्हती, पण पुढच्या बाईंना घाई दिसली म्हणून त्यांना पुढे जाऊ दिलं. मग त्यांच्या मागच्यांनाही.
गोळ्या संपल्या.

९ मार्च, रविवार
बरोबरी. उत्तरार्ध स्टँडच्या मागे, कॉफीच्या मशीनपाशी काढला. पायात गोळा आला होता. तिथून आवाज छान येतो. आवाजावरून मॅच अधिक खोल कळते असं माझं मत होत चाललंय.
ओरिए तिथे आली. गोलमागच्या आमच्या स्टँडमध्ये ढोल वाजवते ती, दातांच्या दवाखान्यात काम करते. गाडी चालवायला मीच शिकवलं तिला. म्हणाली, "सर, मॅच तिकडे आहे." पायाचं सांगितलं. तिने पायाकडे बघितलं आणि कोणता, असं विचारलं. दोन्ही, म्हणालो.

२० एप्रिल, रविवार
आम्ही सतराव्या नंबरावर. वीस संघ, शेवटचे तीन खाली, तिसऱ्या विभागात. स्थानिक पेपरवाले सतराव्या आणि अठराव्याच्या मधे लाल रेघ मारतात. आम्ही रेघेच्या वर आहोत. अगदी लागून, पण वर.
तिसऱ्या विभागात गेलो तर प्रायोजक जातील, चांगली पोरं जातील, मग एक दिवस क्लबही जाईल. या गावात समुद्र आणि क्लब सोडून आहे काय? आणि समुद्र तर सगळ्यांचाच आहे.
घाबरलेलो नाही. पेपर घडी घालून फ्रीजवर ठेवला. रेघ आतल्या बाजूला.

८ जून, रविवार
मोठी बातमी. निशिगायाची बदली झाली, नागोयाला. पाच वर्षं आमच्या घोषणांचं नेतृत्व त्यानेच केलं. हाती मेगाफोन, खाली लोखंडी चौथरा. त्याच्या जागी कोण, म्हणून मॅचनंतर सगळे जमले. कोणी पुढे येईना. कारण निशिगायाने स्वतःच सांगून टाकलं: चौथऱ्यावर उभं राहायचं ते लोकांकडे तोंड करून. मैदान मागे. सबंध मॅच पाठीमागे चालते, दिसत काही नाही.
मी हात वर केला. त्याने वाक्य संपवायच्या आधीच केला असं ओरिए म्हणते, पण ती अतिशयोक्ती आहे.
सत्तावन्नाव्या वर्षी एवढा त्याग करणारा माणूस गावात दुसरा नाही, असं निशिगाया म्हणाला नाही, पण त्याच्या डोळ्यांत ते होतं.

१५ जून, रविवार
जिंकलो! आणि मी शिट्टीपासून शिट्टीपर्यंत जागेवर होतो. संकल्प पुरा झाला, तपशिलाचा थोडा फरक.
काय सांगू. मैदान बघावंच लागत नाही. सगळं लोकांच्या तोंडावर छापलेलं असतं. तिसऱ्या रांगेतल्या आजीबाईंनी तोंडावर मफलर घेतला की धोका आपल्या गोलपाशी. बँकेतला तो टकला उठून उभा राहिला की आपला हल्ला. सगळेच उठले तर गोल. आणि सगळे एकदम गप्प झाले तर तेही कळतं, पण तेव्हा मी आणखी जोरात ओरडतो, म्हणजे ते ऐकू येत नाही.

२७ जुलै, रविवार
लागोपाठ तिसरा विजय. तेरावे! स्थानिक टीव्हीवाल्या मुलीने विचारलं, सबंध मॅच मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं, इतकी हिंमत कशी येते? सांगितलं, संघावर विश्वास असला की बघायची गरज पडत नाही. सातोएने ते जेवताना बघितलं आणि तिला ठसका लागला.
ठसका जरा लांबला. पाणी दिलं.

१६ ऑगस्ट, शनिवार
हरलो. गेल्या आठवड्यातही हरलो. उकाडा आहे, पोरं थकलीत. काळजीचं कारण नाही. पंधरावे.
कलिंगड खाताना सातोए म्हणाली, तिच्या कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी गळ्याला हात लावून पुन्हा बोलावलंय. इथे काहीतरी लागतं हाताला, म्हणाली, आणि मान वर करून दाखवायला लागली. मी तेव्हा गुणतक्ता बघत होतो. उशी बदल म्हणालो. उंच उशीने मानेत असं काहीबाही होतं, हे मी कुठेतरी वाचलंय.
उशी विकत आणली. महागातली.

३ सप्टेंबर, बुधवार
सातोए मोठ्या हॉस्पिटलला गेली. मी जाणारच होतो. पण नेमका आजच नवा बॅनर रंगवायचा होता, आणि पिवळा रंग मीच चांगला कालवतो. ओरिए म्हणाली, सर, पिवळा डब्यातूनच पिवळा येतो.
संध्याकाळी मी व्हॅक्यूम फिरवत असताना सातोएने निकाल सांगितला. अर्धाच ऐकू आला. सुईने काहीतरी काढून तपासलं, ते "पूर्ण चांगलं म्हणता येत नाही" असं काहीतरी. मशीन बंद केलं तोवर ती भात लावायला गेली होती. पुन्हा विचारून तिला त्रास कशाला.
हल्ली बोलताना तिच्या कपाळाकडे बघतो. तिचं कपाळ छान आहे, पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार
०-३. आजीबाईंनी सबंध उत्तरार्ध मफलर खाली घेतला नाही. सतरावे.
ऑपरेशन १४ नोव्हेंबरला, शुक्रवारी. घरचं माणूस लागतं, असं हॉस्पिटलने सांगितलंय. सातोए म्हणाली, तुम्हाला जमत नसेल तर मिहोकोला बोलावते. मिहोको म्हणजे तिची धाकटी बहीण, जिला जगात कशाचीही भीती वाटत नाही आणि जी ते प्रत्येक जेवणात सांगते. मी म्हणालो, नवरा असताना बहीण कशाला? सातोएने कॅलेंडरवर तारीख लिहिली. बरं, म्हणाली.
मग तिने मिहोकोलाही फोन केला. दुसऱ्याच कामासाठी असावा.

१९ ऑक्टोबर, रविवार
ऑपरेशनची योजना तयार. रजा टाकली. मनगटी घड्याळ, चप्पल, डबा, हलकंफुलकं मासिक. तिच्या खाटेपाशी बसून हात धरायचा आणि म्हणायचं, घाबरू नकोस. हे वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज मेगाफोनचा येतो, तो कमी करायला हवा.
सराव म्हणून आज सकाळी गाडी घेऊन हॉस्पिटलला गेलो. पार्किंग उत्तम आहे. दारापर्यंतचं अंतर पाहून ठेवलं. आत जायचं कारण नव्हतं.
परत येताना डावीकडचा इंडिकेटर घरापर्यंत चालूच राहिला. शिकाऊ माणसाला मी याबद्दल नापास करतो.

२६ ऑक्टोबर, रविवार
अठरावे. रेघेखाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
कालचा वृत्तांत. ऑपरेशन यशस्वी झालं हे आधी लिहून ठेवतो.
सकाळी सातोएला चाकांच्या खाटेवरून नेलं. हात धरायचा राहिला, नर्सच्या हातात कागदपत्रं होती आणि मधे यायला नको वाटलं. सातोए झोपल्या झोपल्या म्हणाली, "अहो, डबा खाऊन घ्या." खाट लिफ्टमध्ये गेली. घाबरू नकोस हे वाक्य मी लिफ्टच्या दाराला म्हणालो.
मी आणि मिहोको बाकावर. मिहोको मँडरिन संत्रं सोलून खात होती. मीही एक हातात धरलं. किती वेळ धरलं सांगता येणार नाही, ते गरम झालं होतं. भिंतीवरच्या टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम. आवाज बंद. तिथे लोकांची तोंडंच नव्हती बघायला. सगळे मान खाली घालून बसलेले. काय चाललंय ते कशावरून कळणार?
दुपारी सर्जन बाहेर आले. तरुण, शांत. आम्हाला छोट्या खोलीत नेलं. सगळं व्यवस्थित निघालं, म्हणाले. आणि घरच्यांना दाखवायची पद्धत आहे म्हणून हातातल्या स्टीलच्या ट्रेवरचं कापड काढलं. इकडे बघा, ही गाठ.
त्या खोलीची फरशी अतिशय गुळगुळीत आहे. याची लेखी तक्रार करण्याचा विचार आहे.
माझ्या कपाळाला तीन टाके. सातोए शुद्धीवर आली तेव्हा तिने माझं विचारलं, तर मिहोको म्हणाली, भावोजी खालच्या मजल्यावर ॲडमिट आहेत. सातोए हसली म्हणे. हसताना तिचे गळ्याचे टाके ओढले गेले आणि मग रडली.
मिहोकोने ट्रेमधलं सगळं बघितलं. कोंबडीच्या काळजाएवढं होतं, म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
शेवटची मॅच, आमच्याच मैदानावर. मागच्या दोन्ही मॅच जिंकून पोरांनी आम्हाला रेघेच्या जेमतेम वर आणून ठेवलं होतं. आज बरोबरी पुरेशी होती.
सातोए घरी आली आहे. गळ्याला पट्टी. गाठीचा शेवटचा अहवाल मंगळवारी. माझं जाणं बरं दिसेल का, असं तिला विचारलं. जा, म्हणाली, तुम्ही घरात असलात की मला झोप येत नाही.
स्टेडियम भरलेलं. बोटी बंद ठेवून बंदरावरचे सगळे आलेले. माझ्या कपाळावर पट्टी, त्यामुळे लोकांना स्फूर्ती मिळाली असावी. आधी आमच्यावर गोल झाला, आजीबाईंचा मफलर तोंडावर. मग बँकेतला टकला उभा राहिला, मग सगळे, कोणीतरी माझ्या चौथऱ्याला मिठी मारली. १-१. त्यानंतर मी श्वास घेतल्याचं आठवत नाही.
सूर्य स्टँडच्या मागे गेला. माझा आवाज गेला. लोक माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, हजारो डोळे एकाच जागी, आणि मला प्रथमच वाटलं की मागे काहीतरी उभं आहे आणि ते माझ्यापर्यंत आलंय. वळावं असं मनात आलं. मान वळेना.
मग आजीबाईंनी मफलर खाली घेतला. तोंड उघडं. त्यांनी डोळे मिटले.
मी घोषणा देत राहिलो. कोणी साथ देईना तरी देत राहिलो. ओरिएने ढोल खाली ठेवला आणि चौथऱ्यावर चढून माझ्या हातून मेगाफोन घेतला. "सर, संपलं. पोरं आलीयेत समोर. वळा आता."
खेळाडू मॅचनंतर स्टँडसमोर रांगेत उभे राहून वाकतात. तेव्हा म्होरक्याने त्यांच्याकडे तोंड केलंच पाहिजे, तेवढा एकच नियम. वळलो. आमचा गोलकीपर इतका लहान आहे हे मला माहीत नव्हतं. मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही. वाकला तो वर उठेचना, दोघांनी धरून उठवला. माफ करा, माफ करा, म्हणत होता, आणि माझ्याकडे बघून म्हणत होता. सगळ्यात पुढे मीच होतो.
मीही वाकलो.
१-२. तिसरा विभाग.

२ डिसेंबर, मंगळवार, सकाळ
अहवालाचा दिवस. काल रात्रीच सातोएला स्पष्ट सांगितलं की आज मीच नेणार, आत शेवटपर्यंत बसणार, डॉक्टर जे दाखवतील ते बघणार. पहाटे उठलो. दाढी केली. टाय लावला. गाडी दाराशी आणून, गरम करून ठेवली.
बाहेर गाडीचे आरसे पुसत होतो. आरसे चारही नीट पुसायला वेळ लागतो. आत आलो तर मिहोको येऊन तिला घेऊन गेलेली. मागच्या दाराने. टेबलावर भात, सूप, माशाचा तुकडा झाकून ठेवलेला.
इंजिन बंद केलं. कुठलाही समजूतदार माणूस म्हणेल, एका पेशंटबरोबर एक माणूस पुरे.

२ डिसेंबर, दुपार
मिहोकोचा फोन आला. एक मिनिट थांब म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि गॅस बंद आहे का ते बघून आलो. बंद होता. स्नानघराचाही बघितला. परत आलो तर तिने फोन ठेवलेला. मी केला नाही. ती गाडी चालवत असेल आणि चालवताना बोलू नये.
सातोए आली. हातात बटाट्याच्या कोरोक्केची, म्हणजे तळलेल्या पॅटिसची पिशवी, अजून गरम. तिच्या तोंडाकडे बघितलं. माझ्या एवढ्या महिन्यांच्या अनुभवाचा काही उपयोग झाला नाही. काहीच कळेना. सकाळचा भात टेबलावर अजून झाकलेलाच होता, भूक नव्हती एवढंच.
तिने कोट काढला, चहा ठेवला, मग सांगितलं. गाठ वाईट जातीची होती. पण त्या जातीतली सगळ्यात सुस्त, आणि पूर्ण निघाली आहे. रोज सकाळी एक गोळी, कायमची. सहा महिन्यांनी तपासणी.
मी म्हणालो, पुढच्या वेळी मी येणार. रजा आधीच टाकतो.
सातोए माझ्या ताटलीत कोरोक्के वाढत म्हणाली, "नको. मिहोकोच येईल. तुमच्यावर राग नाहीये माझा. पण तिथे मला माझीच भीती पुरते हो. तुमचीही सांभाळायला जमत नाही."
मी सांगितलं की मला भीती नव्हती, फरशी गुळगुळीत होती. माहीत आहे, म्हणाली. मग आम्ही कोरोक्के खाल्ले.
बोलली ते दमल्यामुळे बोलली. मनावर घेतलेलं नाही. जूनमध्ये मी जाणार म्हणजे जाणार. तिसऱ्या विभागाचं वेळापत्रक आलं की तारीख जुळते का तेवढं बघायचं.
ती आतल्या खोलीत झोपली आहे. दाराशी उभा राहून श्वास ऐकला. येतोय. दार थोडं उघडं होतं, आत गेलो नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा ऐकेन.