सहावी ओळ

४ मार्च

दादा,

वाकून नमस्कार. कंबर धरलीय म्हणून जरा कमीच वाकलोय, चालवून घे. फोनवर तू 'हं'च्या पुढे जात नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं, तुला ते मध्येच वहिनींच्या हातात देऊन सुटता येत नाही.

आधी तुला हवी ती बातमी. भिंगरी मजेत आहे. तुझी लेक माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते आणि मला 'सर' म्हणते. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, इथे काका-बिका चालणार नाही. आता कॅन्टीनमध्ये एकटी भेटली तरी "सर, चहा घेणार?" असं विचारते. चिडवते की मनावर घेतलंय, कळायला मार्ग नाही. त्रेचाळीस जणांत मुली दोनच, पण लिफ्टच्या दाराची किल्ली तिच्या हातात फिरते तशी कोणाच्याच हातात फिरत नाही. हात तुझा घेतलाय. तोंड मात्र वहिनींचं.

आता माझं रडगाणं. आमच्या संस्थेनं यंदापासून परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलंय. पेपर बनवायचं सॉफ्टवेअर आणलं आणि लिफ्ट मेकॅनिकचा पेपर माझ्या गळ्यात मारला. पूर्वी पेपर काढायला एक तास आणि एक पेन पुरायचं. आता आधी प्रश्नाचा प्रकार निवडायचा, मग प्रश्न लिहायचा, मग उत्तर, मग गुण, आणि मग ते यंत्र लाल अक्षरांत विचारणार की अमुक चौकोन रिकामा का ठेवला. कॉम्प्युटरवाल्या बाई तीन दिवस माझ्या शेजारी बसून होत्या. बाई फार सोशिक.

'चूक की बरोबर' मला आवडला नाही. नाणं उडवून पोरं निम्मे गुण घेणार. 'जोड्या लावा'मध्ये शेवटची जोडी आपोआप जुळते, म्हणून उजवीकडे एक उत्तर जास्तीचं टाकून ठेवायचं, हे बाईंनी शिकवलं. 'रिकाम्या जागा' तर महाबिलंदर. उत्तर 'तार' असं भरलंस आणि पोरानं 'वायर' लिहिलं की झालं शून्य. त्यामुळे चालतील ती सगळी उत्तरं आपणच आधी आठवून भरायची. एका प्रश्नाला मी अकरा उत्तरं भरली. मोटरचं चित्र देऊन ब्रेक कुठे आहे त्यावर टिचकी मारा, असाही एक प्रकार आहे, तो मात्र झकास.

चार पर्यायांच्या प्रश्नात खरं कसब खोट्या उत्तरांत असतं. तिन्ही खोटी उत्तरं खरी वाटली पाहिजेत. बाई म्हणाल्या, "सर, तुमची खोटी उत्तरं फार पटतात हो!" मी हसलो आणि पुढचा प्रश्न घेतला.

शेवटचा प्रकार 'क्रम लावा'. आपण पायऱ्या एकाखाली एक टाइप करायच्या, परीक्षेत सॉफ्टवेअर त्या पत्त्यांसारख्या पिसून देतं. मी आपलं नेहमीचंच काम घेतलं, लिफ्टच्या डब्याच्या छतावर चढण्याच्या पायऱ्या. भराभर पाच ओळी टाइप केल्या, मग लक्षात आलं की एक राहिली. तिची सहावी ओळ खाली जोडली आणि चहाला गेलो. क्रम काय, नंतर लावता येईल. मात्र पूर्ण क्रम बरोबर असेल तरच पाच गुण, नाहीतर शून्य, अशी खूण आठवणीनं केली. लिफ्टच्या कामात अर्ध्या बरोबरला काय अर्थ आहे?

पाय कसा आहे? जिना उतरताना जास्त दुखतो, असं वहिनी म्हणत होत्या. शिलाई मशिनं दुरुस्त करताना पाटावर बसतोस ते बंद कर, स्टूल घे. पायावरून अजून एक लिहायचं होतं, पण पान संपत आलं.

तुझा धाकटा

२७ मार्च

दादा,

नमस्कार. तुझ्या दोन ओळी पोचल्या. 'पाय ठीक. तिला तिच्या हिमतीवर पास होऊ दे, तू मध्ये पडू नकोस.' पोस्टाच्या तिकिटावर याहून जास्त मजकूर असतो.

मी मध्ये पडलो नाही. निकाल लागला. भिंगरीला सत्तावन्न मिळाले, पास व्हायला साठ लागतात. तिचा फोन आला असेलच. आला नसेल तर आता माझ्याकडून कळलं.

मला वाईट वाटलं. लिफ्ट कंपनीनं तिच्यासाठी जागा राखून ठेवलीय, पण पंधरा एप्रिलपर्यंतच. फेरपरीक्षा जूनमध्ये. तोवर ती जागा दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढेल. दोनशे माणसांतून त्यांनी तिला निवडलं होतं, हे ती तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

आता पेपराचं ऐक. हे सॉफ्टवेअर प्रत्येक प्रश्नाचा हिशेब काढून देतं. किती जणांना आला ते हिरव्यात, किती जणांना नाही ते लाल रंगात. ब्रेकचं चित्र जवळजवळ सगळं हिरवं. क्रम लावायचा प्रश्न मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. त्रेचाळीसपैकी एकालाही पाच गुण नाहीत. वर्षभर घसा फोडून शिकवतोय, आणि छतावर चढायचं कसं तेच यांना येत नाही! मी वर्गात चांगलंच फैलावर घेतलं सगळ्यांना. म्हटलं, निकालाबरोबर बरोबर क्रम पडद्यावर दिसतोय ना? तो उतरून घ्या आणि पाठ करा. पोरांनी माना डोलावल्या.

भिंगरीनं मान डोलावली नाही. खिडकीबाहेर बघत बसली. तिलाही तो आला नाही याचं मला नवल वाटलं, खरंच. तुझ्या घरात वाढलेली पोर.

तिनं हरकतीचा अर्ज दिलाय. मी उघडलेला नाही. नात्यातलं प्रकरण आहे, म्हणून मोटरच्या वर्गाच्या सरांकडे पाठवला. उद्या कोणी बोट दाखवायला नको. तुझंही म्हणणं तेच होतं ना, मध्ये पडू नकोस.

वहिनींना सांग, पोर जेवतेय. कमी जेवतेय, पण जेवतेय.

तुझा धाकटा

९ एप्रिल

दादा,

नमस्कार. हे पत्र एकटा असताना वाच. वहिनींना दाखवायचं की नाही, ते मागाहून तू ठरव.

मोटरवाले सर रजेवर गेले आणि अर्ज फिरून माझ्याच टेबलावर आला. सोमवारी उघडला. एकच परिच्छेद आहे, अक्षर तुझ्यासारखं डावीकडे कललेलं. मी इथे जसाच्या तसा उतरवतो.

'प्रश्न सत्तावीस. बरोबर म्हणून दाखवलेल्या क्रमात माणूस आधी डब्याच्या छतावर उभा राहतो आणि त्यानंतर बाहेरच्या बटनानं लिफ्ट बोलावून ती हलते का, ते पाहिलं जातं. हलली तर तो वरच असेल. मी हाक आधी लावली आहे आणि पाय नंतर. माझं उत्तर पुन्हा तपासावं.'

हाक. आपला शब्द. बाहेरूनच हात घालून छतावरचं स्टॉपचं बटन दाबायचं, दार लावायचं आणि बाहेरून लिफ्टला हाक मारायची. आली नाही तर बटन खरंच लागलंय, मगच वर जायचं. तो शब्द पुस्तकात नाही, मीही वर्गात कधी वापरलेला नाही.

मी सॉफ्टवेअर उघडलं. पाटी लावणे, दार उघडून डबा पाहणे, स्टॉपचं बटन दाबणे, छतावरचा दिवा लावणे, छतावर पाय ठेवणे. आणि खाली सहावी ओळ, बाहेरून लिफ्ट बोलावून पाहणे. चहाला जाताना जोडलेली. आपण ज्या क्रमानं टाइप करू तोच यंत्राला बरोबर क्रम, नंतर लावायचं असं तिथे काही नसतं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं होतं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांना मी चुकीचं ठरवलं आणि वर त्यांनाच झापलं.

तसाच वर्कशॉपमध्ये गेलो. एका पोरानं फेरपरीक्षेसाठी तो क्रम कागदावर सुरेख अक्षरात लिहून हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. उद्या हा पोरगा कुठल्यातरी इमारतीत झाकण उघडणार आणि वाचणार, पाच नंबर पाय ठेवणे, सहा नंबर लिफ्ट बोलावणे. मी नखांनी कागद खरवडून काढला. पोरगा म्हणाला, "सर, तुम्हीच पाठ करा म्हणालात ना?"

प्राचार्यांना सांगितलं. भला माणूस आहे. म्हणाले, "एवढंच ना? सॉफ्टवेअरची गडबड म्हणून सांगू, सगळ्यांना पाच-पाच गुण देऊ आणि विषय मिटवू." भिंगरी पास, मी मोकळा. मी हो म्हणायच्या बेतात होतो. हो म्हणायची मला जुनी सवय आहे.

पण अर्ज हातात होता. मघाशी जसाच्या तसा उतरवतो म्हटलं, तेव्हा शेवटची दोन वाक्यं मी गाळली. ती अशी.

'माझ्या बाबांची अट आहे, की हाक आपली आपणच मारायची. जोडीदाराला "पाहिलंस का" असं विचारायचं नाही, विचारलं की समोरचा हो म्हणतो.'

दादा, बावीस वर्षं झाली. नऊ मजल्यांची इमारत, सगळ्यात वरचा मजला, आपण दोघं. तू पिशवीतून हत्यारं काढत होतास, बटन मी दाबलं. तू मान वर न करता विचारलंस, "हाक मारलीस?" मी "हो" म्हटलं. मारली नव्हती. मला लवकर सुटायचं होतं. कशासाठी, ते कितीही आठवलं तरी आठवत नाही, आणि सगळ्यात जास्त लाज मला याचीच वाटते. बटनाची तार आतून सुटलेली होती. तू पाय ठेवलास आणि खाली कोणीतरी लिफ्ट बोलावली.

चौकशीला कंपनीचे साहेब दवाखान्यात आले तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो. त्यांनी विचारलं, हाक कोणी मारायची होती? तू पडल्या पडल्या म्हणालास, "मी. विसरलो." डॉक्टर म्हणाले होते की एवढा मार बसला की आधीची दहा मिनिटं पुसली जातात. त्या डॉक्टरांच्या एका वाक्यावर मी बावीस वर्षं काढली. तुझी नोकरी गेली, तुझ्या जागेवर मला चढवलं, पुढे मी शिकवायला लागलो. तू पाटावर बसून मशिनं उघडत राहिलास. मी सणासुदीसारखा वर्षातून एकदा येऊन पायाची चौकशी करत राहिलो, आणि तू दर वेळी 'ठीक' म्हणत राहिलास.

काही पुसलं गेलं नव्हतं. तू साहेबांना खोटं सांगितलंस आणि लेकीला खरं शिकवलंस, फक्त माझं नाव वगळून. ती 'समोरचा' म्हणते, तो कोण हे तिला माहीत नाही. मी तिला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

काल वर्गात उभा राहिलो. फळ्यावर सहा पायऱ्या लिहिल्या, बरोबर क्रमानं. म्हटलं, चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती, आणि तुम्हाला झापलं त्याचीही माफी मागतो. निकालाच्या पडद्यावर प्राचार्यांनी लेखी दुरुस्ती लावली, त्यावर माझी सही आहे. पेपर काढायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. बरोबरच केलं. सगळ्यांची उत्तरं नव्या क्रमानं तपासली, भिंगरीला बासष्ट मिळाले. मी तिला पास केलं नाही, दादा. तिचं उत्तर बरोबर होतं. पंधरा तारखेला ती कामावर हजर होतेय.

तास संपल्यावर ती दाराशी थांबली. म्हणाली, "काका, चहा घेणार?" मी नको म्हटलं.

शनिवारी ती घरी येतेय. मी बरोबर यायचं की नाही, ते तिच्या फोनवर तिला सांग. 'हं' म्हणालास तरी मी समजेन. काहीच बोलला नाहीस तर तेही समजेन, आणि हे पत्र उत्तर म्हणून ठेव. तेव्हा तू विचारलं होतंस त्याचं.

नाही, दादा. मारली नव्हती.

तुझा जोडीदार