सगळे म सारखे

प्रिय चिंगे,

काल तुझं अक्षर भेटलं. बेकरीत गेले होते, तर केकच्या खोक्यावर तेच. तिरकं, नाजूक, डोक्यावरची रेघ मध्येच सोडून दिलेलं. तुझ्या हस्ताक्षरावरून तू बनवलेला तो फॉन्ट गं! मी थबकलेच. काउंटरवरच्या बाईंना सांगूनही टाकलं, की हे माझ्या लेकीचं अक्षर आहे. त्यांना वाटलं असेल, बाई केकच्या वासानं बहकली. हल्ली ते कुठेही दिसतं. लग्नपत्रिकांवर, साबणाच्या वेष्टनावर, फुलवाल्याच्या चिठ्ठ्यांवर. दिसलं की मी उगाच साबण घेऊन येते.

आपल्या छापखान्यात मात्र त्याचं नाव काढायची सोय नव्हती. तू पहिली पत्रिका त्यात जुळवलीस, बाबांनी ती खरबरीत कागदावर छापली आणि बारीक रेघा तुटून निम्मी अक्षरं गळाली. कागद त्यांनीच चुकीचा काढला होता. तरी गिऱ्हाइकासमोर तुझ्यावर घसरले, की मुंगीच्या पायांनी कुठे पत्रिका छापतात, हे काम नव्हे, खेळ आहे. तूही काय कमी? बॅग भरलीस नि चालती झालीस. मला फोन करतेस, पण त्यांचा विषय निघाला की तुला लगेच काम आठवतं.

आता गंमत ऐक. मागच्या वाढदिवसाला यांनी माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. म्हणे, लेकीकडून पोस्टानं आलंय. गुळगुळीत कागद, फिकी तपकिरी शाई, तुझं अक्षर. एक कोपरा मुद्दाम चुरगळलेलासुद्धा! पण मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत, मला कोण फसवणार? त्या चार ओळींतले सगळे म एकाच साच्यातले. तू हातानं लिहितेस तेव्हा दोन म कधी सारखे आलेत का? एक ढेरपोट्या, तर दुसरा उपाशी. शिवाय ताज्या शाईचा वास यांच्या बाहीला येत होता. तरी मी वा वा म्हणत कार्ड कपाटावर उभं केलं.

आता ते रोज धूळ पुसायला म्हणून कार्ड उचलतात आणि वाचत उभे राहतात. पहिल्या तीन ओळी माझ्यासाठी आहेत, शेवटची नाही. तिथं लिहिलंय, बाबांना सांग, माझ्या मनात राग नाही. पोरी, ही ओळ त्यांनीच जुळवली, त्यांनीच छापली आणि आता तेच ती पुन्हा पुन्हा वाचतात. तुझ्यासाठी त्यांचा जीव तुटतो गं, आणि माझा तुम्हां दोघांसाठी.

माझा वाढदिवस परत जवळ आलाय. आज सकाळी हे तोच गुळगुळीत कागद कापताना दिसले, म्हणून लिहायला बसले. यंदा त्यांच्याआधी तुझं कार्ड येऊ दे. फॉन्ट नको, हातानं लिही. ती शेवटची ओळ खरी असेल तर तेवढीच लिही, म वेडेवाकडे आले तरी चालतील. ते लगेच ओळखतील. आणि खरी नसेल तर लिहू नकोस. सरळ घरी ये आणि त्यांच्याशी समोरासमोर भांड. मी तिघांचा चहा टाकते.

तुझीच, आणि थोडी त्यांचीही,
आई