पाच वैमानिकांचा घास

सिंगापूर, सर्वपित्री अमावास्या, २०१५

ती. आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. नवी खोली हवेशीर आहे, फक्त बोलायला कोणी नाही. बाबांचं पान वाढलंस ना? कावळा शिवला?

इथल्या सैनिकांच्या दफनभूमीत महायुद्धात पडलेल्या एका बॉम्बफेकी विमानातले पाच जण आहेत. कोण कुठला ते ओळखू येईना, म्हणून एकत्रच पुरलेले. त्यांना कोण वाढणार, म्हणून मी दहीभात नेला. कावळा नव्हता, साळुंकी होती. तीही शिवेना. शेवटी म्हटलं, "तुमच्या घरी कळवतो." लगेच शिवली!

आता सत्तर वर्षांनी कुणाला कळवू? म्हणून तुलाच कळवतो: पाचही जण सोबत आहेत. त्यांच्यातलं कोणी एकटं नाही.

तुझा,
उन्मेष