धन्यवादनंतरची स्लाइड

आई, दोन महिन्यांपूर्वी चाकणच्या एका कंपनीत, नऊ-दहा साहेबांसमोर उभं राहून मी तुझी गोष्ट सांगितली. तुला विचारून सांगायची सोय नव्हती. तू जाऊन तेरा वर्षं झाली. पण तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. आज रविवार आहे, घरातले सगळे जेवून आडवे झालेत, म्हणून हे लिहायला बसले.

मी काय काम करते ते तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि 'कॉम्प्युटरचं शिकायलीय' एवढंच तू शेजारणींना सांगायचीस. आता मी हिंजवडीत नोकरीला आहे. कारखान्यांकडून आमच्याकडे आकडे येतात. किती माल झाला, किती नापास झाला, कुठल्या पाळीत, कुठल्या लाइनवर. त्या ढिगातून काय निघतं ते शोधायचं आणि साहेबलोकांना पडद्यावर चित्रं दाखवत समजावून द्यायचं. शोधणं मला पहिल्यापासून जमायचं, सांगणं जमायचं नाही. एकेका स्लाइडवर मी सहा-सहा आलेख कोंबायची, मुंगीएवढ्या अक्षरात सगळं लिहायची, कारण काही सुटलं तर आपण खोटं बोललो असं होईल ही भीती. भोसरीच्या एका साहेबांनी तर मी बोलत असतानाच चहा मागवला आणि शेजारच्याशी मुलीच्या लग्नाच्या हॉलबद्दल बोलत बसले. त्या दिवशी परत येताना कंपनीच्या कॅबमध्ये मी रडले.

मग आमच्या टीम लीडने मला शिकवलं. माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पण हाडाचा मास्तर. "तुझं गणित बरोबर असतं गं," तो म्हणाला, "पण माणसं गणित ऐकायला येत नाहीत. एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेव. वर नुसतं 'रिजेक्शनचा तक्ता' असं लिहू नकोस, काय घडलंय ते वाक्यात लिही. बाकी सगळं राखाडी कर आणि जिथं नजर जायला हवी तिथंच एक रंग लाव. आणि सुरुवात माणसापासून कर, आकड्यापासून नको." मी शिकले, आई. झटून शिकले. काय काढून टाकायचं ते कळायला लागलं तशी माणसं मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. माझं बोलणं संपेपर्यंत कुणी फोनला हात लावत नाही, हे सुख मला पहिल्यांदा मिळालं, आणि ते मला फार आवडलं.

चाकणची ती कंपनी वायर हार्नेस बनवते. इतरांना मी सांगते की गाडीच्या अंगभर फिरणाऱ्या वायरींचा जो जुडगा असतो तो म्हणजे हार्नेस. तुला काय सांगायचं, तुझी बारा वर्षं त्यातच गेली. तुझी कंपनी वेगळी होती, पण आत पाऊल टाकलं आणि टेपच्या गोंदाचा तोच वास आला, जो तुझ्या पदराला यायचा. तेच उभे बोर्ड, त्यावर ठोकलेल्या खुंट्या, खुंट्यांमधून वायरी ओढत टेप गुंडाळणाऱ्या बायका. त्यांच्याकडे नापास माल वाढला होता आणि तो का वाढला हे शोधायचं काम आमच्याकडे आलं होतं.

मी चार दिवस तिथं जाऊन बसले. चारपैकी एका लाइनवर नापास माल सगळ्यांत जास्त होता, ते तर पहिल्याच दिवशी दिसलं. त्या लाइनची मुख्य बाई पन्नाशीची होती, परभणीकडची, तुझ्यासारखीच बोलणारी. सगळ्याजणी ठेकेदारामार्फत लागलेल्या. तिने मला एका यंत्रापाशी नेलं. वायरीच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवायचं ते यंत्र.

"ह्ये बगा म्याडम. दुसऱ्या प्लांटवरून आणलंय, जुनं. टोपी दाबतच न्हाई नीट. आम्ही सांगून सांगून थकलाव. येतेत, लिहून घेतेत आन् जातेत."

मीही वहीत लिहून घेतलं. ती वाकून बघत होती, मी खरंच लिहितेय का ते.

तिचं बोलणं मी आकड्यांशी ताडून बघितलं. यंत्र आलं त्याच सुमारास नापास माल वाढायला लागला होता. पण यंत्राच्या देखभालीच्या रजिस्टरमध्ये मधली पानंच कोरी, त्यामुळे छातीठोक सांगता येईना. तरी मी त्याची एक स्लाइड केली. लीडने ती बघितली आणि विचारलं, "हे पक्कं आहे?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे नाही. अडचण एका लाइनवर आहे हे पक्कं आहे ना? मग तेवढंच सांग. ही स्लाइड मध्ये आली की गोष्ट फाटते. शेवटच्या 'धन्यवाद'च्या स्लाइडनंतर ठेव, कुणी विचारलं तर काढू."

मी "पण" म्हणाले. एकदाच म्हणाले. आणि त्याने मान हलवली तेव्हा, खरं सांगते, मला हायसं वाटलं. कारण मुख्य स्लाइड सुरेख झाली होती. तीन राखाडी खांब, एक लाल. वर एकच ओळ, 'अडचण एकाच लाइनवर आहे.' तिला धक्का लावायची माझीच इच्छा नव्हती.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी उभी राहते. पहिल्या स्लाइडवर आकडा नाही, नुसता एका हार्नेसचा फोटो. मी सांगते, माझी आई अशाच लाइनवर उभी राहायची. सकाळी सहाला बसस्टॉपवर, घरी आली की बोटांची टोकं गोंदाने काळी, त्याच बोटांनी भाकरी थापायची आणि भाकरीवर ठसे उठू नयेत म्हणून आधी बोटं रॉकेलने पुसायची. मग मी थांबते. हे थांबणंही मी घरी आरशासमोर बसवलेलं आहे. प्लांटचे मोठे साहेब चष्मा काढून टेबलावर ठेवतात. खोलीत सगळे आपले झालेत हे मला कळतं, आणि मग मी लाल खांब दाखवते.

"पहिल्यांदा मला कुणी स्पष्ट सांगितलं की बघायचं कुठं," मोठे साहेब म्हणाले. धन्यवादच्या पुढे काय आहे ते कुणी विचारलं नाही. मीही ती स्लाइड उघडली नाही.

तीन आठवड्यांनी मी पुढच्या कामासाठी गेले तर त्या लाइनवर सगळे चेहरे नवीन. विशीतल्या मुली, टेप धरायलाच शिकत होत्या. लाइनच्या डोक्यावर, सगळ्यांना दिसेल असा, माझ्या स्लाइडचा मोठा रंगीत प्रिंट लावलेला होता.

"जुन्या सगळ्यांना ब्रेक दिला, मॅडम," सुपरवायझर म्हणाला. "तुमच्या रिपोर्टनंतर लगेच डिसिजन झाला. आता नवीन बॅच."

ठेकेदाराच्या बाईला 'ब्रेक दिला' म्हणजे घरी बसवलं, हे तुला माहीत आहे.

मी त्या बाईचा पत्ता काढला आणि शनिवारी दुपारी तिच्या खोलीवर गेले. चाळीतली एक खोली, दाराशी निवडायला घेतलेली मेथी. तिने मला ओळखलं, आत बसवलं, चहा टाकला. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण ते राहिलंच. तीच बोलली.

"त्या दिवशी मीटिंगमदी चहा द्यायला आमच्यातलीच एक होती. तिनं येऊन सांगितलं, म्याडमची आई बी लाइनीवर होती म्हणं. म्याडम आपल्यातल्या हायेत, आता मशीनचं काम व्हईल. आम्ही लई खूश झालाव. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकीनं सगळ्यास्नी पेढे वाटले."

मी म्हटलं, "मावशी, मी तुमचं नाव नव्हतं घेतलं."

"नाव कशाला लागतंय? लाइन सांगितली की झालं." मग चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "पर मशीनचं तुमी वहीत लिहिलेलं मी बगितलं होतं. त्ये कुठं गेलं मग?"

रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कागद कुठेतरी वाटेत हरवला असेल, कुणी साहेबाने दाबला असेल, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, "मीच दाखवलं नाही." तिने कप माझ्यापुढे ठेवला. "बरं," एवढंच म्हणाली, आणि मेथी निवडायला बसली.

परत येताना मला नववीतली वक्तृत्व स्पर्धा आठवली. आठवते तुला? संत तुकाराम नगरच्या त्या शाळेत, विषय होता 'माझी प्रेरणा', आणि मी तुझ्यावर बोलले होते. तू दुपारपाळी बदलून घेऊन आलेलीस, मागच्या खुर्चीवर बसलेली. बायांनी डोळ्यांना पदर लावले, मला पहिला नंबर मिळाला. मला वाटलं तू जवळ घेशील. तू रस्त्याने पुढे चालत राहिलीस. घरी आल्यावर कणीक मळायला घेतलीस आणि म्हणालीस, "मी तिथं एकटीच उभी ऱ्हाते व्हय? बाकीच्या बाया कुठं गेल्या तुझ्या भाषणातल्या? आन् हसतोत बी आम्ही तिथं, पोट दुखंस्तोवर हसतोत. त्ये कामून न्हाई सांगितलंस?"

मी म्हटलं, "ते सांगितलं असतं तर नंबर आला नसता."

तू कणकेचे हात तसेच ठेवून माझ्याकडे बघितलंस. "मग नंबर नसता आला," म्हणालीस. मी त्या रात्री जेवले नाही आणि तूही समजूत काढायला आली नाहीस. मला वाटायचं, तुला माझं कौतुकच नाही.

सोमवारी मी लीडला सांगितलं की मला पुन्हा प्रेझेंटेशन द्यायचंय. तो म्हणाला, क्लायंट खूश आहे, आता उकरून काय मिळणार? मी त्याला डावलून प्लांटच्या मोठ्या साहेबांना थेट मेल केला. पंधरा मिनिटं मिळाली. एकच पान घेऊन गेले, दिसायला ओबडधोबड. नापास मालाची रेघ, यंत्र आलं तो दिवस, आणि रजिस्टरची पानं जिथं कोरी होती तिथं मी पट्टी कोरीच ठेवून लिहिलं होतं, 'इथलं आपल्याला माहीत नाही.' गोष्ट सांगितली नाही. तुझं नाव काढलं नाही.

साहेबांनी यंत्र आलं त्या दिवसावर बोट ठेवलं. "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"अर्धवट माहीत होतं, सर. स्लाइड होती. धन्यवादच्या नंतर."

"मग मी वाचायची कशी?"

त्यांनी यंत्र उघडायला लावलं. दाबणारा भाग झिजलेला निघाला. तो बदलला. ब्रेक दिलेल्यांपैकी काहीजणींना ठेकेदाराने परत बोलावलं, सगळ्यांना नाही. त्या मावशींची जागा भरली होती. त्या आता चऱ्होलीकडच्या एका नव्या सोसायटीत जिने पुसतात. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "म्याडम, तुमी सारकं सारकं फोन नका करू. मला कामावर बोलता येत न्हाई." नंतर मी केला नाही.

मला त्या क्लायंटवरून काढलं. लीड चिडला, पण एक बोलला ते खरं होतं. "मी नको म्हणालो, मान्य. पण तू एकदाच सांगितलंस. तुला खात्री असती तर भांडली असतीस." खात्री नव्हती, आई. पण लाल खांबामागे दोष बायकांचा की यंत्राचा, याचीही खात्री नव्हती, तरी तो मी ठणकावून दाखवला, कारण तो दाखवणं सोपं होतं.

आता गंमत बघ. पुढच्या सोमवारपासून नवीन भरती झालेल्यांना प्रेझेंटेशन शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. माझ्याइतकं चांगलं इथं कुणाला जमत नाही म्हणतात. मी हो म्हणून बसले आहे. एका स्लाइडवर एकच मुद्दा, हे मी त्यांना शिकवणारच. ते खोटं नाही. आठवडाभर विचार करतेय की त्याच्यापुढे काय सांगायचं. दोनदा लिहिलं आणि खोडलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, लॅपटॉपवरही लिहिलेलं नाही, वहीतच राहील. सुरुवातीला वाटत होतं की तू असतीस तर आधी तुझ्याकडेच धावत आले असते. इतकं लिहिल्यावर कळतंय, तसं झालं नसतं. तू असतीस तर, बाकीच्या बाया कुठं गेल्या असं पुन्हा विचारशील म्हणून, यातला एक शब्दही मी तुला कळू दिला नसता.