मावशीच्या कानाचं माप

सीवूड्स,
रविवार, ६ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून आपण दोघी या वयात पुन्हा बोर्डिंगातल्या मुलींसारख्या रविवारी पत्र लिहायला बसतो. फक्त आता मागे उभं राहून वाचायला सिस्टर नाहीत.

इकडे सगळं ठीक आहे. विलासचा गुडघा आहे तसाच आहे. गीतूला ऐरोलीच्या नोकरीत पाच महिने झाले. पगार धर्मराज डॉक्टरांच्या दवाखान्यापेक्षा तिपटीहून जास्त आहे, आणि तो ठरल्या दिवशी येतो. डॉक्टर माणूस देव आहे, पण पगाराचं विचारलं की पुढच्या आठवड्यात बघू म्हणायचे. आता घराचा हप्ता गीतू भरते. तक्रारीला जागा नाही. मी तुला लिहिते आहे ती त्याचमुळे.

तुला आठवतं ना, नेरूळच्या त्या दवाखान्यात ती आठ वर्षं लोकांच्या कानांची मापं घ्यायची, ऐकायच्या यंत्राचे कानात बसणारे मोल्ड बनवायची? नखांत तो माप घ्यायचा गुलाबी मसाला अडकलेला असायचा. जेवताना घास हातात तसाच ठेवून सांगत बसायची. एका आजोबांना यंत्र लावल्यावर पहिला आवाज आला तो स्वतःच्याच चपलांचा, आणि ते मागे वळून बघायला लागले, कोण येतंय म्हणून. मी ओरडायचे की आधी जेव. आता ती जेवते. ताट स्वच्छ असतं. काही विचारलं तर ठीक आहे म्हणते.

परवा इस्त्री करताना माझ्या हातून तिची निळी ओढणी जळली. असू दे म्हणाली आणि खोलीत गेली. ताई, ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता कंपनी म्हणते, कायम व्हायचं असेल तर दोन वर्षं सोडणार नाही असं लिहून द्या, नाहीतर ऑगस्टअखेर निघा. विलास म्हणतो, लेकीला एवढा पगार मिळतोय, यात विचार कसला करायचा? डॉक्टर म्हणतात, तिचं टेबल आणखी थोडे दिवस ठेवतो, पण फार नाही. मी काय म्हणू ते तू सांग.

दाजींना नमस्कार. उत्तर मोठं लिही. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुनी

सातारा,
१२ जुलै

चि. सौ. सुनीतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ओढणी तू जाळायची आणि ती ओरडली नाही म्हणून तूच रडायचं. अजब आहेस. माझा शाळेच्या गॅदरिंगचा फ्रॉक जाळला होतास तेव्हा मी केस धरले होते, तेव्हाही रडलीसच.

नोकरी सोड असं मी गीतूला सांगणार नाही. मी तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं. लोक म्हणायचे, राजलक्ष्मीबाईंना कामाचं केवढं समाधान! होतं की. पण माझ्या पगारात घरचं दूधसुद्धा भागलं नसतं. ते समाधान ह्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून पोसलं. तो काटा आवडायचा का, असं मी आता या वयात ह्यांना विचारलं. तर म्हणतात, आवडायला ती काय बासुंदी होती? आणि पेपर पुढे धरला. तेव्हा पगाराला नाक मुरडू नये, हे मी तुझ्याआधी म्हणते.

पण पोरगी गप्प आहे हे मला आवडलं नाही.

माझा मोल्ड सैल झाला आहे. शिट्टी वाजते. परवा मी देवापुढे बसले होते, तर हे उठून गॅस बंद करायला गेले, कुकर झाला म्हणून. इथल्या माणसाच्या हातात मी कान देणार नाही. येत्या शनिवारी आम्ही दोघं येतो. माप गीतूच घेईल. आणि ऐक, दर रविवारी कानात खोबरेल घालते म्हणून तिने मला कसलं झापलं होतं! दाराबाहेर बसलेले पेशंटसुद्धा हसत होते. आईने लावलेली सवय, सुटली होती महत्प्रयासाने. यावेळी मुद्दाम घालून येते. बघू गप्प कशी राहते ते.

विलासरावांना गुडघ्याला शेक घ्यायला सांग. बाकी भेटीत. माया आहेच, ती पत्रात किती मावणार?

तुझी,
ताई

सीवूड्स,
३ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोबत मोल्ड पाठवते आहे. माप मी घेतलं होतं, पुढचं काम दवाखान्यात राजनंदिनीने केलं. ती नवी मुलगी आहे. माझ्या टेबलावर आता ती बसते.

तू आलीस तेव्हा मी फारशी बोलले नाही असं आई म्हणते. बोलण्यासारखं काही नव्हतं. तू कामाबद्दल विचारलंस ते इथे लिहिते. परदेशातल्या माणसांनी विम्याचे पैसे मागितलेले असतात, ते कागद आम्ही तपासतो. माझ्याकडे श्रवणयंत्रांचे येतात. नियमात बसलं तर हो, नाही बसलं तर नाही. नाही म्हणायची कारणं स्क्रीनवर तयार असतात. त्यातलं एक निवडायचं. माणूस दिसत नाही. वय दिसतं, आणि डावा कान की उजवा, एवढं दिसतं. मी काम चांगलं करते. मागच्या महिन्यात मला कॉफीचा मग बक्षीस मिळाला. सुरुवातीला नाही म्हणताना वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

ऑफिस थंड आहे, गाडी न्यायला येते, जेवण बरं असतं. गुडघ्याच्या ऑपरेशनचं बोलताना बाबा आता आवाज खाली करत नाहीत. ही छोटी गोष्ट नाही मावशी. दवाखान्यात असताना मी त्यांना कधी एवढं मोकळं बघितलं नव्हतं.

पंचवीस तारखेला सही करीन. आईला टेन्शन आहे, तिला समजाव. मी ठीक आहे.

काकांना नमस्कार. लोभ असावा.

गीतांजली

सातारा,
९ ऑगस्ट

चि. सौ. सुनीतीस,
आशीर्वाद.

हे पत्र गीतूच्या हाती पडू देऊ नकोस. मोल्ड बसत नाही. वरच्या बाजूला टोचतो आणि आत सैल आहे. शिट्टी आधीपेक्षा मोठी. कानाचा वरचा भाग लाल झाला आहे. मी दोन दिवस तो तसाच घातला, वाटलं सवय होईल.

चूक माझी आहे. तुमच्या जेवणाच्या टेबलाशी मला बसवून तिने बॅटरीने कान बघितला. मी चांगले चार थेंब तेल घालून आले होते, न दिसायला ती काय आंधळी आहे? मी हसू दाबून झापण्याची वाट बघत होते. तिने कापसाने वरवर टिपलं आणि मसाला भरला. मसाला घट्ट होईपर्यंत पूर्वी गुणगुणायची, हनुवटीखाली तिचा हात असायचा त्यातून मला ते कळायचं. या वेळी हात नुसता होता. माप निघालं, डबीत गेलं, आणि तिने जाऊन हात धुतले. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की अगं, तेलावर माप घेतलंस. पण तिचा चेहरा बघून गंमत करायची माझी हौस संपली होती.

दवाखान्यातल्या आठ वर्षांत तिच्या हातचा मोल्ड कुणाला टोचल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे म्हणतात, छान बसला असं कळवून मोकळी हो, पोरीला आणखी ताप नको. मी तिच्या नावाची दोन पत्रं लिहून ठेवली आहेत. एकात छान बसला असं आहे, दुसऱ्यात टोचतो असं. कुठलं टाकू? पंचवीस तारीख जवळ आली आहे.

तुझी,
ताई

सीवूड्स,
१४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिलं टाक. छान बसला म्हण. तिच्याकडे आता तेवढं एकच राहिलं आहे, की आपल्याला ते काम येत होतं. तेही गेलं तर ती सही करेलच, आणि करताना हातसुद्धा थांबणार नाही. विलासचंही मत हेच पडलं.

इथवर लिहून मी पाकीट बंद केलं होतं. खाली पोस्टात जायला निघाले आणि लिफ्टपाशी परत फिरले.

ताई, तुला आपली बोर्डिंगची पत्रं आठवतात? पाचगणीच्या त्या थंडीत तू तापाने फणफणली होतीस, आणि आपण दोघींनी घरी लिहिलं की आम्ही मजेत आहोत, जेवण चांगलं आहे. सिस्टर वाचणार म्हणून तसंच लिहायचं असायचं. बाबा ते पत्र शेजारीपाजारी दाखवत फिरले. न्यायला कुणी आलं नाही. कसं येणार? आपण मजेत होतो.

या घरात सहा महिने रोज सगळे मजेत आहेत. दुसरं पत्र टाक. आणि मी असं लिहिलं हे विलासला सांगू नकोस.

कान लाल झालाय त्याला काही लावलंस का? जपून राहा. माझ्यावरचा लोभ तर आहेच, थोडी हिंमत पण पाठव.

तुझी,
सुनी

सीवूड्स,
मंगळवार, २६ ऑगस्ट

ती. मावशीस,

नमस्कार नंतर. आधी सांग, तेल का घातलंस? किती वेळा सांगितलं होतं? आणि वर लिहितेस की मुद्दाम घातलं, मी ओरडते का बघायला! साठी उलटून गेलेल्या बाईने करायची गोष्ट आहे ही? कान सुजला असता, पिकला असता म्हणजे?

तुझं पत्र वाचून मी तुझ्या मापाचा तो जुना गुलाबी तुकडा शोधायला दवाखान्यात गेले. भिंगाखाली धरला तर वरच्या वळणावर तेलाची खाच सरळ दिसते. शिकाऊ मुलीनेही फेकून दिला असता. मी तो स्वतःच्या हाताने डबीत घातला होता. राजनंदिनीला ते दिसलं होतं, पण तुम्ही सीनियर ना, मी कसं बोलणार, म्हणाली. तिच्यावर मी इतकी ओरडले की धर्मराज सर आतून बाहेर आले. मग मला रडू आलं. सर हात धुऊन बस म्हणाले.

मावशी, ऐरोलीत माझ्याकडून दिवसभरात किती चुका होत असतील मला माहीत नाही. ज्याला नाही म्हटलं तो मला कधी पत्र लिहिणार नाही, की बाई, टोचतंय. तिथे बसून मला काही लागत नव्हतं ते यामुळे. ते सुखाचं होतं, खोटं कशाला बोलू?

काल मी सही केली नाही. घरी तसं आठवड्यापूर्वीच सांगून टाकलं होतं. या महिन्याचा पगार शेवटचा.

हे सगळं गोड झालेलं नाही. माझं टेबल राजनंदिनीचं झालं, ते काढून घेणं बरोबर नाही. सर तीन दिवस ये म्हणाले, पगार पूर्वीपेक्षाही कमी. बाबांचं ऑपरेशन पुढे गेलं. काल रात्री त्यांनी फक्त विचारलं की दवाखान्यात पगार वेळेवर देतील का. मी बघू म्हटलं. हप्त्यासाठी माझी खोली भाड्याने दिली आहे. येणारी मुलगी ऐरोलीतच कामाला आहे. मी हॉलमध्ये झोपते, आणि आई पहाटे मिक्सर लावते यावरून आमचं रोज वाजतं. आई भांडताना हसते. तिला काय झालंय कळत नाही.

शनिवारी सकाळच्या बसने साताऱ्याला येते. मसाला आणि तो कानात भरायची पिचकारी घेऊन येते. उकडीचे मोदक ठेव, काकांना सगळे संपवू देऊ नकोस. आल्यावर आधी कान बघणार, मग गणपतीला नमस्कार. एक थेंब दिसला तर माप न घेता परत जाईन.

लोभ असो नसो, कान कोरडा असावा.

तुझी,
गीतू