आईच्या घोरण्याचं यंत्र

३ मार्च
ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
आम्ही सगळे मजेत, एक अप्पा सोडून. त्यांचा सीडी प्लेअर कायमचा बंद पडला. आईचं घोरणं ऐकल्याशिवाय त्यांचा दुपारी डोळा लागत नाही, आणि ती गेल्यापासून तेवढीच काय ती त्यांची झोप. आता तारवटल्या डोळ्यांनी फिरतात आणि दिसेल ते घड्याळ खोलून बसतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला अडवणार कोण? घरात किती वाजलेत, कुणालाच पत्ता नाही.

आई घोरते हे शाबीत करायला अप्पांनी रेकॉर्डर चालू करून, स्वतः शेजारी आडवं होऊन, तिच्या वामकुक्षीची सीडी बनवली, आणि पहिल्यांदा ऐकवतानाच दोघांच्या ओढाताणीत ती फरशीवर घासली, हे तुला आठवत असेलच. त्या ओरखड्याशी आलं की प्लेअर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. कॉम्प्युटर तर ती सरळ बाहेर फेकतो. म्हणून सीडी ट्रान्सपोर्ट शोधतोय. हे यंत्र फक्त सीडी फिरवतं आणि नीट वाचतं. आवाज काढायला दुसरा डबा लागतो, तो माझ्याकडे आहे.
तुझा धाकटा

९ मार्च
चि. धाकट्यास,
अ. आ.
नुसतं वाचायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हे काम तुझे भावोजी रोज पेपर घेऊन करतात. हवे तर पाठवून देते.

थट्टा राहू दे. अप्पांची मला फार काळजी वाटते. दुकानदाराच्या गप्पांना भुलू नकोस. ज्याला झोपायचंय त्यालाच उशी देऊन घेऊन जा. आई बिचारी शेवटपर्यंत म्हणत राहिली, मी घोरत नाही म्हणून. पण पुरावाच वाजतोय म्हटल्यावर मी तरी तिची बाजू कशी घेणार?
तुझी ताई

१६ मार्च
ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
घोटाळा झाला. अप्पा उशी-चादर घेऊन दुकानातल्या सोफ्यावर आडवे झाले. दुकानदाराने गिऱ्हाइकांना चपला काढायला लावल्या. पहिलं यंत्र ओरखड्याशीच अडलं. दुसऱ्याचा ट्रे फार कुरकुरतो म्हणून अप्पांनी नाकारलं. तिसरं चांगलं वजनदार, वरून झाकण उघडून सीडी ठेवायची. अप्पांनी कान लावला, मान डोलावली आणि पाच मिनिटांत घोरू लागले.

डब्यातलं घोरणं आणि सोफ्यावरचं घोरणं अगदी एका सुरात! आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोच यंत्राने ओरखडा पार केला. घोरणं चालूच, आणि त्यावर आईचा टक्क जागा आवाज. वैतागून म्हणाली की अहो, कुशीवर वळा, मला जरा पडू द्या.

अप्पा ताडकन उठले, उशी काखेत मारली आणि चालते झाले. सीडी फेकून दे म्हणतात. घरात अबोला आहे. मी काय करू?
तुझा धाकटा

२० मार्च
चि. धाकट्यास,
अ. आ.
हसून हसून पोट दुखलं, मग रडू आलं. इतकी वर्षं आपण आईला खोटं ठरवलं रे! सीडी फेकलीस तर माझ्याशी गाठ आहे. यंत्र आण, लाव, आणि खोलीबाहेर जा.
तुझी ताई

२ एप्रिल
ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
यंत्र आणलं. दोन दिवस अप्पांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी स्वतःच झाकण उघडलं. आता सगळी घड्याळं पुन्हा चालू आहेत.

काल दाराच्या फटीतून पाहिलं. अप्पा उताणे, डोळे मिटलेले, पण जागे. आईने कुशीवर वळायला सांगितलं आणि ते निमूटपणे वळले. पलंगाची तिची बाजू मोकळी ठेवून. मग झोपले.

माया आहेच, ती पत्रातून अशीच येऊ दे.
तुझा धाकटा